कापलेलं कडवं

मिक्सर घेऊन जा, स्पीकर घेऊन जा, वायरींचं भेंडोळंही घ्या, स्टुडिओतलं सगळं इथं घरी आणून ठेवलंय. तो माइक तेवढा राहू द्या. जुनी वस्तू आहे, गंजलीय म्हणा हवं तर. बसा, चहा मीच टाकतो. आत गाणं चाललंय ते माझ्या बायकोचं, चंद्राचं. तिकडं लक्ष देऊ नका... म्हणजे द्यालच, कोण देणार नाही! पण मला विचारू नका. किंवा विचारा. स्टुडिओ का मोडतोय ते एकदा कुणाला तरी सांगितलंच पाहिजे.

बारामतीत जुन्या मंडईच्या मागं माझा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गादी ठोकलेली. आत शिरलं की भर दुपारी रात्र. तिथं लैला गायची. ऑर्केस्ट्रात कॅबरे म्हणणारी लैला, चमचमता झगा घालून. सोलापूर रोडच्या हॉटेलांपासून अकलूजच्या जत्रेपर्यंत बोर्डावर तिचं नाव. खरं नाव सारजा, माहेर निमगाव केतकी.

अहो, काय गळा होता! सकाळी हळदीची गाणी रेकॉर्ड करायची, तेव्हा आवाज नुकत्याच न्हालेल्या पोरीचा. दुपारी कव्वाली. त्यानंतर निवडणुकीचा प्रचार, ‘ताई माई आक्का’ करत. मग लावणी. आणि संध्याकाळी झगा पिशवीत कोंबून कॅबरेला. मध्ये फक्त ज्येष्ठमधाची काडी चघळायची. माझ्या स्टुडिओत त्या ज्येष्ठमधाचा वास मुरला होता. दर कॅसेटवर मी तिला वेगळं नाव द्यायचो, कव्वालीला परवीन, हळदीला सोनम. ती हसायची. म्हणायची, “दत्तोबा, माझ्या दहाव्याला बोलावणार कुणाकुणाला?”

मी पण हसायचो. तेव्हा.

अठ्ठ्याण्णव साली तिनं स्वतः एक भजन रचलं. अंगठेबहाद्दर बाई, पण रचना अशी की माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वस्तीवरच्या देवळाला, इथं सणसरच्या पुढं, पहाटे लावायला भजन हवंच होतं. देवळाचे कारभारी रावजी आबा ऐकून डोळे पुसायला लागले. मग म्हणाले, “आवाज लई गोड हाय. पर बाई कोन हाय? घरंदाज हाय नव्हं?”

मी म्हणालो, “आमची मंडळीच.”

का म्हणालो? भजन खपावं म्हणून, आणि रावजींसमोर लैलाचं नाव घ्यायची लाज वाटली म्हणून. झालं. कॅसेटवर चंद्राचा फोटो, डोक्यावर पदर. चंद्राला ‘सा’ लावता येत नाही. पण लोकांना पटलं, कारण लोकांना पटवून घ्यायचंच होतं. गायला कुणी आग्रह केला तर मी सांगायचो, घशाचं दुखणं आहे, डॉक्टरनं मनाई केलीय. कार्यक्रमात कॅसेट लावायची आणि तिनं ओठ हलवायचे. सत्तावीस वर्षं तिनं दुसरीच्या गळ्यावर खणनारळ घेतले. आधी रडायची, मग सवय झाली.

एक अडचण होती. भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, तशी रीतच आहे. सारजानं म्हटलं होतं:

सारजा म्हणे मी, उभी दारापाशी,
नाव माझे घेशी, तेव्हा येते.

मी ते कडवं पुसलं. आवाजाचा ट्रॅक वेगळा, म्हणून आवाज तेवढा गेला आणि मृदंगाची चार आवर्तनं तशीच वाजत राहिली. लोक त्या जागी टाळ्या धरतात. त्यांना वाटतं, जागा त्यासाठीच आहे.

तिला कळलं तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “पोटचं लेकरू दत्तक दिलं म्हनायचं. पर दत्तोबा, कापल्याली जागा रिकामी राहत न्हाय. कोनतरी येऊन बसतंच तितं.”

यंदा माघात ती गेली. अंथुर्ण्याला, लेकीकडं. पेपरात नाव नाही, चौकात फ्लेक्स नाही. दहाव्याच्या आदल्या दुपारी तिची लेक रेश्मा स्टुडिओत आली.

“काका, आईचं ते शेवटचं कडवं द्या. उद्या घाटावर एकदा लावते. कुनाचा फोटो, कुनाचं नाव, मी कायबी बोलनार न्हाय. फकस्त तिचं नाव तिच्या तोंडनं लोकांनी ऐकावं.”

पुसायच्या आधी काढलेली एक कॅसेट माझ्या खणात होती. पण चार दिवसांनी देवळात चंद्राचा सत्कार ठरला होता, शाल-श्रीफळ, मानपत्र. मी रेश्माच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “पुसून गेलं गं पोरी. माझ्याकडं काही नाही.”

ती जिना उतरून गेली. मी दार लावलं आणि कॅसेट लावली. जाळायच्या आधी एकदा ऐकावी म्हणून.

भजन झालं. शेवटचं कडवं आलं... आणि आवाजच नाही. नुसता मृदंग. मी हेडफोन कानाला दाबला. गाणारा सूर लावायच्या आधी श्वास घेतो ना, तसा एक श्वास ऐकू आला. अगदी जवळून. आवर्तन संपलं, पुन्हा श्वास. चार वेळा. म्हणायची मात्र काही नाही. आणि ज्येष्ठमधाचा वास एवढा, की घशात गोड लागायला लागलं. काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर कुणी नव्हतं. मी तीनदा बघितलं.

गच्चीवर जाऊन कॅसेट जाळली. हात भाजला. हा बघा डाग.

सत्काराला सगळी वस्ती लोटली होती. चंद्रा नवी पैठणी नेसून स्टेजवर उभी. मी कॅसेट लावली, तिनं ओठ हलवले. शेवटी मृदंग तेवढा उरला, लोकांनी टाळ्या धरल्या. आणि चंद्रानं श्वास घेतला. तो श्वास मी ओळखला, अहो.

तिनं कडवं म्हटलं. सगळं. सारजाच्या आवाजात, तिच्या नावासकट. चंद्राचे डोळे मात्र माझ्याकडं, विहिरीत पडलेल्या माणसानं वर बघावं तसे.

लोकांना काय वाटलं असेल? टाळ्यांचा कडकडाट केला मेल्यांनी! वहिनींचा घसा बरा झाला म्हणून आणखी एक नारळ दिला. रावजी आबा माइकवर म्हणाले, “नवं कडवं बसीवलं वाटतं! आन ही सारजा कोन वो, दत्तोबा?”

माइक माझ्यापुढं धरला होता. हाच माइक. मागं चपलांपाशी रेश्मा उभी होती. तीन अक्षरांचं नाव, एवढंच घ्यायचं होतं.

मी म्हणालो, “कोणी नाही हो. चालीपुरतं घातलंय.”

रेश्मानं चपला घातल्या आणि गेली.

घरी आल्यावर चंद्रानं पाणी मागायला तोंड उघडलं, तर हळदीचं गाणं आलं. ती घाबरून गप्प झाली. पुन्हा उघडलं, तर कव्वाली. तेव्हापासून तिला बोलता येत नाही. सकाळी हळद, दुपारी कव्वाली, दिवेलागणीला कॅबरे, ठरल्या वेळी. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. कॅबरे गाते तेव्हा डोळ्यांतून धारा लागतात तिच्या, मी पदरानं पुसतो.

मग तिचा स्वतःचा आवाज कुठं गेला? तो मला चौथ्या पहाटे सापडला. साडेपाचला देवळाच्या कर्ण्यावर भजन लागलं. शेवटच्या मोकळ्या जागेत, मृदंगाखाली, अगदी बारीक:

“अहो... दार उघडा की. हितं लई अंधार हाय...”

चंद्रा माझ्या शेजारी अंथरुणावर होती. तोंड मिटलेलं. देवळात लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांमुळंच ते कुणाला ऐकू येत नाही. रोज पहाटे माझी बायको सगळ्या वस्तीभर मला हाका मारते आणि माणसं तालावर टाळ्या वाजवतात.

काल मी रावजींकडं गेलो. पाय धरले. सगळं खरं सांगितलं, भजन लैलाचं, सारजाचं. वाटलं, आता तरी सुटेल. आबांनी पाय मागं घेतले. मग म्हणाले, “कॅबरेवाली? सत्तावीस वर्सं देवाच्या दारात? उद्याचा एक दिस वाजंल, मान्सं इचारत्याल म्हनून. परवापास्नं बंद.”

बंद झालं तर चंद्रा कुठं राहील, हे कुणाला विचारू? मी रेश्माकडं धावलो. ती दारातूनच म्हणाली, “माझ्या कानात नाव घेऊन काय उपेग, काका? जितं न्हाय म्हनला, तितं घ्या. माइकवर.”

खरं आहे. आज पहाटे शेवटचं वाजणार होतं. हा माइक घेऊन मी देवळात गेलो, जोडला, मोकळी जागा येईपर्यंत थांबलो. जागा आली. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात कर्ण्यातून चंद्रा बोलली. तरुणपणी आम्ही एसटीनं बारामतीला जायचो, तेव्हा ती पुढं पळत जाऊन सीटवर रुमाल टाकायची आणि खिडकीतून ओरडायची. अगदी तसंच, आनंदानं:

“अहो, या लवकर! तुमची जागा धरलीय!”

माझ्या तोंडातून नाव निघालं नाही. नुसता श्वास निघाला. चार वेळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता बोलताना मध्येच माझा आवाज बसतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून ही काडी चघळतोय. ज्येष्ठमध आहे. मी कधी विकत आणलेलं नाही. देवळातून आलो, तेव्हा सदऱ्याच्या खिशात होतं, अर्धं चघळलेलं.