न ऐकलेल्या एक्केचाळीस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही...

रविवारी. भर दुपारी, पावणेतीन वाजता.

बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो, कागदपत्रं परत काढून देणं हा माझा धंदा. माझी सगळी गिऱ्हाइकं तहान लागल्यावर विहीर खणणारी. दुसरी प्रत कुणी ठेवत नाही, त्यावर तर माझं पोट चालतं. तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. रविवारी अख्खी इमारत बंद असते, तरी मी येतो. काम असतं म्हणून नाही. बायको वेगळी झाल्यापासून घरात बसवत नाही म्हणून.

त्या आठवड्यात एक काका आले होते. जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. रुमालात गुंडाळलेली डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली.

"हातातून पडली. आता नुसती टकटक करते."

"दुसरी प्रत?"

"लॅपटॉपवर होती. तो गेल्या वर्षी चोरीला गेला."

"काय आहे हिच्यात?"

"आमच्या हिचा आवाज."

काका वर्षातले आठ महिने समुद्रावर असायचे. काकू घरी त्यांच्यासाठी रेकॉर्डरवर बोलून ठेवायच्या. काका परत आले की म्हणायचे, आता तू समोर आहेस, ऐकायचं कशाला? अशा दोनशे बारा फाईली साठल्या. मग काकू गेल्या. तेव्हापासून काका रोज सकाळी एक ऐकत होते. क्रमानं. एकच.

"ऐकलेल्या नाही आल्या तरी चालेल," ते म्हणाले. "एक्केचाळीस राहिल्यात. तेवढ्या बघा."

मी डिस्क ठेवून घेतली.

आमच्या कामाचे नियम साधे आहेत. आधी मूळ डिस्कची प्रत काढायची आणि मूळ बाजूला ठेवायची. मग प्रतीवर काम. प्रतही एका छोट्या यंत्रातून जोडायची. त्यातून वाचता येतं, पण एक अक्षर लिहिता येत नाही. आणि गिऱ्हाइकाचं खासगी ऐकायचं नाही. फाईल चालते का, एवढंच दहा सेकंद तपासायचं.

रविवारी दुपारपर्यंत दोनशे अकरा फाईली तपासून झाल्या. सगळ्या ठणठणीत.

दोनशे बारावी चार मिनिटं दहा सेकंदांची होती. दहा सेकंद ऐकली. कुणी बोलतच नव्हतं. नुसती घरघर...

तेवढ्यात कोपर लागून स्क्रूड्रायव्हर खाली पडला, तो नेमका पायाच्या अंगठ्यावर.

"आई गं!"

अंगठा चोळत परत स्क्रीनकडे बघितलं.

चार मिनिटं बत्तीस सेकंद.

चाळिशी लागली, चष्मा बदलायला हवा, असं मनात म्हटलं. डोळे चोळले.

चार एक्केचाळीस...

फाईल वाढत होती. यंत्राचा दिवा तर हिरवा होता, म्हणजे लिहिणं बंद. वाढणार कशी?

नियम मोडला. हेडफोन लावले आणि शेवटाकडचा भाग ऐकला.

पंख्याची घरघर. मध्येच कट्ट आवाज. माझा पंखा दर फेरीला असाच कट्ट करतो.

मग जमिनीवर काहीतरी पडलं...

मग एका माणसाचा आवाज. "आई गं!"

माझा.

माझ्या त्या कॉम्प्युटरला माइकच नाही.

पाचावर धारण बसली. हेडफोन काढायचे होते, पण हात उचलेना. तेवढ्यात कुणीतरी हलकेच घसा खाकरला. शेजारणीकडे काही मागायला आलेली बाई दारात खाकरते ना, तसा.

"भाऊ... शेवटची ह्यांना देऊ नका. सगळ्या ऐकून झाल्या की हे सकाळी उठायचे नाहीत."

मी हेडफोन फेकले. मागे बघितलं. जिन्यात जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

मंगळवारी मी काकांना दोनशे अकरा फाईली दिल्या. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक लेकीकडे ठेवा असं बजावून.

"एक खराब झालीय, काका. प्रयत्न चालू ठेवतो."

नऊ वर्षांच्या धंद्यात असं खोटं कधी बोललो नव्हतो. काकांनी डिस्क पिशवीत टाकल्या. "बरं," म्हणाले आणि गेले.

काम दिलं की आठवड्याभरात आपल्याकडची प्रत पुसून टाकायची, हाही नियमच आहे. मी पुसली नाही. पण झोप लागेना. एका माणसाच्या बायकोचे शेवटचे शब्द कपाटात दडवून ठेवणारा मी कोण? आणि दिले, अन् खरंच ते उठले नाहीत तर?

चाळीस दिवस गेले. रविवारी दुपारी दार वाजलं. काका होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

"काका, ती फाईल अजून..."

"राहू दे रे." ते पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. "आज सकाळी दोनशे अकरावी ऐकली. त्यात म्हणाली, शेवटची एका भाऊंकडे ठेवायला दिलीय, मागू नका."

दोनशे अकरावी मी फक्त दहा सेकंद ऐकली होती. फाईलवर तारीख होती चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा माझं हे दुकानही नव्हतं.

"एक बाकी आहे म्हटल्यावर बरं असतं," काका म्हणाले. "सकाळी उठावंसं वाटतं."

दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"तुझ्याबद्दलही बोलली."

"काय?"

"म्हणाली, रविवारी त्याच्याकडे कुणी नसतं. मी बसत जाईन, असं म्हणाली."

काका जिना उतरून गेले.

ती शेवटची फाईल मी परत उघडलेली नाही. पुसलीही नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? रविवारी काम करताना मागे वळून बघायची हिंमत होत नाही.

पण घरी थांबलोय, असा एकही रविवार अजून गेलेला नाही.