कोपऱ्यातली रेघ

आलेख काढणारे जुने कॅल्क्युलेटर जमवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे आकडेबुवा म्हणत. त्यांच्या कपाटात एकच जागा रिकामी होती, सर्वांत पहिल्या बनावटीची. ते यंत्र आज भंगारवाल्याकडे सापडलं आणि बुवांचे पाय जमिनीवर ठरेनात.

नवं यंत्र आलं की बुवा त्याच्याकडून पडद्यावर आलेखाची एक लाट काढून घेत. याने ती काढली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. काम चाललं होतं तोवर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक काळी उभी रेघ थरथरत होती, यंत्र हिशेबात गुंतल्याची खूण. पण लाट तुटकी. पडद्याचे बरेच उभे पट्टे मेलेले होते.

शेजारच्या खोलीत बाई, म्हणजे बुवांची बायको, सूर लावायला बसल्या होत्या. सगळा जन्म गाणं शिकवण्यात गेला आणि गळ्याच्या शस्त्रक्रियेने तोंडचा शब्दही नेला. सूर जरा निघे, विरे, पुढे कुठेतरी पुन्हा कुजबुजे. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाई मात्र पाटीवर लिहीत, 'देवाला ऐकू जातं.' आणि रोज बसत.

बुवांनी यंत्र उघडलं. पडद्याला जोडणारी पातळ पट्टी डाख द्यायच्या सळईच्या गरम टोकाने हलकेच दाबली. एक पट्टा जिवंत झाला.

शेजारचा सूर किंचित पुढे सरकला.

योगायोग, बुवा मनाशी म्हणाले. त्यांनी पुढची जागा दाबली. सूर आणखी सरकला. हात उचलला, तसा तिथेच अडला.

मग बुवा एकेक जागा दाबत गेले.

शेवटचा पट्टा भरला.

लाट अखंड झाली आणि भिंतीपलीकडून भरदार, गोल, पूर्वीचा सूर उठला. बुवा धावत तिच्या दारात आले. बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "अहो, त्या डबड्याचे लाड झाले असतील तर चहा टाका."

संध्याकाळी घर शिष्यांनी भरून गेलं. बाई गायल्या, सगळे रडले, हसले. बुवांनी तर देवाचे इतके आभार मानले की बाईंनी त्यावरूनही टोमणा मारला.

सगळे गेल्यावर बुवांनी मायेने विचारलं, "दमलीस का गं?"

बाई स्तब्ध झाल्या. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक काळी उभी रेघ थरथरू लागली.

मग ती विझली आणि बाई गोड हसून म्हणाल्या, "नाही हो."