नालेची अंगठी

बद्रीनाथच्या वर्षश्राद्धाला आमरस होता. तसं तो सांगूनच गेला होता. "वर्षानं जेवायला येतील त्यांना रडवू नका. रस करा, पोटभर वाढा."

सिडकोतल्या त्याच्या घरात तीस-चाळीस माणसं जमली होती. आठव्या दिवशी येणारं नळाचं पाणी नेमकं त्या सकाळी आलं, म्हणून त्याची बायको दगडाबाई खुशीत होत्या. फोटोपुढं ताट वाढलं होतं. शेजारी त्याचा स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला.

जेवणाआधी मी चार शब्द बोलायचं ठरलं होतं. का कबूल झालो, कोण जाणे. कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला, तिथं कुणी बोलत नसे. बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत फिटर. चाळीस वर्षांचा शेजार आमचा. त्याच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी असायची. समोरचा लांबण लावू लागला, किंवा खोटं बोलला, की ती तो ग्लासवर दोनदा वाजवायचा. टक्, टक्. "मधूसर, मुद्द्यावर या."

मी घडी घातलेली चार पानं काढली.

"बद्रीनाथ म्हणजे निष्काम कर्मयोगाचा मूर्तिमंत आदर्श..."

टक्, टक्.

सगळे हसले. "कोण हाय रे?" त्याची मुलगी श्रेया मागं वळून म्हणाली. "लईच हुबेहूब!"

कुणीच पुढं आलं नाही. माझे कान आता भरवशाचे नाहीत. पण हसले ते सगळेच.

मी पान बाजूला ठेवलं आणि आठवेल ते सांगत गेलो. पहाटेच्या पाळीला निघण्याआधी तो श्रेयाच्या वेण्या घालायचा, नटबोल्ट आवळावेत तशा घट्ट. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "पोरीला स्वयंपाक येत नाय. मला येतो. अडलं तर फोन करा."

"अन् केला ना यांनी!" श्रेयानं नवऱ्याकडं बोट दाखवलं. "दोनदा!" हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतका वेळ ग्लास गप्प होता.

मला धीर आला. मी शेवटचं पान उचललं.

"शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, तेव्हा तो शांत झोपला होता."

टक्, टक्.

या वेळी कुणी हसलं नाही. फोटोजवळ हातभर अंतरावर कुणीही नव्हतं. ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली होती.

मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. जरा मोठ्यानं.

टक्. टक्.

काठावरून एक थेंब खाली ओघळला.

वर्षभर मी या घरात हेच सांगत आलो होतो. खरं सांगितलं तर इथला चहा बंद होईल, या भीतीनं.

"मी वर गेलोच नाही," मी म्हणालो. "त्यानं दोनदा निरोप धाडला. माझी बायको, अंबिका, त्याच दवाखान्यात वारली होती. मी जिन्यापर्यंत आलो आणि परत फिरलो."

पाणी स्थिर झालं.

दगडाबाई पदराला हात पुसत उठल्या. "ठाऊक हाय, भावजी. ते म्हणलेच होते. मधूसर जिन्यापर्यंत येतील, वर यायचे नाय. अन् आलो होतो म्हणून सांगतील. त्यांच्यावर रागावू नको, वाढ." त्यांनी माझ्या पुढ्यात दोन वाट्या रस ठेवला. "बसा आता. पोळ्या निवल्या."

त्या दिवशी मी आठ पोळ्या खाल्ल्या. श्रेया मोजत होती.

निघताना मी हळूच विचारलं, "त्याची ती अंगठी कुठंय?"

"निघालीच नाय बोटातून," दगडाबाई म्हणाल्या. "तशीच गेली त्यांच्यासंगं." मग आत जाऊन त्यांनी ग्लास आणला आणि माझ्या हातात दिला. "हा तुम्ही न्या. तुम्हाला लागंल."

तो आता माझ्या टेबलावर असतो. रोज भरून ठेवतो. ही हकिकत मी अकरा पानं लिहिली होती. वाजत गेलं, खोडत गेलो, एवढीच उरली.

शेवटी एक साधी ओळ होती: बद्रीनाथ आता या जगात नाही.

तीही खोडावी लागली.