सोळा चौकोन

वर्ध्याच्या बसस्टँडवर कुणीतरी वांग्यांचं पोतं थेट वेदश्रीच्या पुठ्ठ्याच्या पाकिटावर टेकवलं, आणि ती ओरडलीच, "अहो, उचला ते आधी!"

पोतेवाला घाबरला. केळझरचा नीरज, कृषीची पदवी घेऊन वांगी पिकवणारा. पाकिटातून हिरवी पाटी निघाली. तिच्यावर तांब्याचे सोळा चौकोन.

"शंकरपाळे होय?"

"अँटेना आहे!" हसू आल्यामुळे तिला नीट रागावताही येईना. "एकेका चौकोनाला सिग्नल किंचित उशिरा द्यायचा, की लहर हवी तिकडे वळते. पाटी जागची हलत नाही."

"म्हणजे तोंड समोर अन् ध्यान बाजूले... तुमच्यावाणी?"

ती लाजली — आणि तिला स्वतःचाच राग आला.

एम.टेक.चे सर म्हणाले होते, "कॉम्प्युटरवरचे आलेख पुरे. बनवतेस काऊन? लग्न ठरून राह्यलं ना तुझं?" म्हणूनच तर तिनं पाटी बनवली होती! पण प्रयोगशाळेच्या भिंतींवरून लहरी परत येत, मोजमाप बिघडे. मोकळी जागा हवी होती, असं ती बोलून गेली.

"माझं वावर आहे ना," नीरज म्हणाला. "येजा."

ती गेली. वांग्यांच्या ओळींपलीकडे तो बांबूला बांधलेला रिसीव्हर धरून उभा राहायचा, आकडे ओरडून सांगायचा. पहिली पाटी फसली. पाटीचा थर गणितात धरला होता तसा नव्हता, चौकोन केसभर लहान हवे होते. तिनं पुन्हा काढले. तो म्हणाला, "पुन्हा फसली तरी चालते मले... पुन्हा येशीन."

दुसरी पाटी लावली त्या रविवारी नालवाडीहून बाबा स्कूटरवर आले. केशव मास्तर, घामाघूम.

"तुले पाहायला पाहुणे येऊन बसले घरी! अन् तू या वावरात काय करून राह्यली?"

"काम," ती म्हणाली, आणि लॅपटॉपवर तीस अंश दिले. पाटी स्थिर होती. बाजूला तिरका उभा असलेला नीरज लांबून ओरडला, "चढला! आकडा चढला इकडं!"

वेदश्रीनं आकडा टिपून घेतला आणि वळली.

"बाबा, पाहुण्यांना चहा द्या. मी स्वतःला दाखवून घेणार नाही." मग तिनं मान वर केली. "नीरज! मले तुझ्याशी लग्न करायचं आहे!"

बांबू खाली आला. "आता... बाबांसमोर सांगतेस?"

"त्यांच्यासमोरच!"

बाबांनी स्कूटरला किक मारली. "घरी ये, मग पाहतो."

"येते," ती म्हणाली. "पण याले घेऊन येते."

नीरज ओळी ओलांडत तिच्याकडे धावत निघाला होता.