एका फर्लांगाची सोबत

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी हयवदनचं काम अगदी साधं होतं. चामराजपेटेतल्या यल्लाप्पाच्या दुकानातून दुरुस्त झालेली सायकल घरी आणायची, एवढंच. घर तिथून चार गल्ल्यांवर. पण मांडीचं हाड नुकतंच जुळलेलं असलं की चार गल्ल्या म्हणजे चार गावं होतात. काठी टेकत, वाटेत दोनदा उभा राहत तो पोचला, तेव्हा यल्लाप्पा दुकानाच्या फळ्या काढत होता.

यल्लाप्पा मूळचा बेळगावकडचा. बंगळुरात येऊन वीस वर्षं झाली तरी बोली तीच.

"मास्तर, पुढचं चाक नवं घातलंय, चिमटा सरळ केलाय. मागच्या अंगाला काय बी झालं न्हवतं," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "एक सांगू? ही इकून टाका."

"का? बिघाड राहिलाय काही?"

"बिघाड न्हाई." यल्लाप्पानं हातातलं फडकं कॅरिअरवर ठेवलं आणि दोघं बघत राहिले. फडकं हळूहळू कडेला सरकलं आणि खाली पडलं. "सा म्हैने असंच चाललंय. पाना ठेवा, डबा ठेवा... जागा न्हाई म्हणल्यागत खाली येतंय."

हयवदननं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण खोटं कशाला बोला, त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. काठी हँडलला अडकवून, सायकलीचाच आधार घेत तो घरी निघाला.

आता त्या काळातल्या डबलसीटची गोष्ट सांगायला हवी. सायकलीवर मागं माणूस बसवणं हा गुन्हा होता, आणि अख्खं बंगळूर तो रोज करत होतं. सर्कल जवळ आलं की मागचा माणूस टुणकन उतरायचा, साळसूदपणे पोलिसासमोरून चालत जायचा आणि पलीकडे गेला की पुन्हा चढायचा. पोलिसालाही ते ठाऊक असायचं. डोळ्यांदेखत घडलं नाही म्हणजे झालं.

हयवदन हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. त्याची बायको वसुमती जयनगरातल्या नव्या प्राथमिक शाळेत होती. रोज सकाळी तो तिला मागं बसवून सोडायला जायचा. लालबागेच्या पश्चिम दरवाजाजवळच्या सर्कलला ती उतरायची. पलीकडे गेल्यावर हयवदन मात्र थांबायचा नाही, कारण दोघांचं ओझं घेऊन थांबल्या जागेवरून निघणं त्याला कधी जमलंच नाही. तो सावकाश पायडल मारत राहायचा. वसुमती निऱ्या सावरत चार पावलं धावायची आणि बसायची. मागचं चाक दबलं की तो विचारायचा, "बसलीस?" ती कानडीत म्हणायची, "सरी," म्हणजे ठीक, चला. मागं वळून बघायची रीत नव्हती. वळलं की हँडल डुलतं.

ज्येष्ठातल्या त्या सकाळीही तसंच झालं. मागचं चाक दबलं. "बसलीस?" "सरी." आणि तेवढ्यात मागं लॉरीचे ब्रेक कर्रकन वाजले, माणसं ओरडली. "कुणाला तरी लागलं वाटतं," हयवदन म्हणाला, "पण थांबलो तर तुझी शाळा चुकेल." तो पुढं निघाला. सर्कलनंतर उतार लागतो. फर्लांगभर गेल्यावर, उताराच्या मध्यावर, ती एकदम म्हणाली, "थांबा स्वल्प, उतरते मी." त्यानं दचकून दोन्ही ब्रेक दाबले, पुढचं चाक अडकलं आणि तो हँडलवरून रस्त्यावर जाऊन आदळला.

नवव्या दिवशी, इस्पितळात पाय टांगून पडलेला असताना, त्याला सांगण्यात आलं की वसुमती सर्कलपाशीच गेली. सायकलीमागं धावताना लॉरीखाली आली. कॅरिअरपर्यंत ती पोचलीच नव्हती.

मग मागं बसलं कोण, हे हयवदननं कुणालाच विचारलं नाही.

घरात आता तो आणि त्याची थोरली बहीण कृष्णाबाई, दोघंच उरली होती. अक्का बालविधवा, जीभ तिखट, जीव मऊ. इस्पितळातून आल्यावरही पाय सरळ होईना, तेव्हा तिनंच हाडवैद्य शिवाप्पाला बोलावलं होतं. तो अंड्यात भिजवलेल्या पट्ट्या बांधायचा. माध्व ब्राह्मणांच्या घरात अंडं! अक्कानं देवघराचा पडदा ओढला, नाकाला पदर लावला आणि स्वतःच्या हातानं अंडी फोडून दिली.

सायकल दारात बघून ती म्हणाली, "हे कशाला आणलंस?"

"चालवायला."

"माणूस दुधानं पोळला की ताकसुद्धा फुंकून पितो. तू पुन्हा दुधातच तोंड घालायला निघालास?"

"अक्का, ती त्या दिवशी माझ्यामागं बसली होती." त्यानं सगळं सांगून टाकलं.

अक्का म्हणाली, "डोक्याला मार लागला की माणसाला काय काय वाटतं." पण त्या दिवसापासून, सायकल ठेवलेल्या बोळातून जाताना ती अंग चोरून जायला लागली.

पंधरा दिवस हयवदन नुसता सायकलीकडे बघत राहिला. भीती होतीच, नाही कशी? रस्त्यावरून लॉरी गेली की त्याचे तळहात ओले व्हायचे. पण भीतीपेक्षा ओढ मोठी होती. लग्नाच्या फोटोत वसुमती मान खाली घालून बसलेली. चेहरा धड दिसत नव्हता. तिचं म्हणून त्याच्याजवळ उरलं होतं ते फक्त मागच्या चाकाचं दबणं. तेवढं एकदा, पुन्हा एकदा मिळावं म्हणून तो रात्र रात्र तळमळत असे.

धनुर्मासातल्या धुक्यात, साडेसहाच्या सुमाराला, तो शेवटी निघाला. डाव्या मांडीतून कळा येत होत्या. पश्चिम दरवाजापर्यंत कॅरिअर हलकं होतं. सर्कलला सवयीनं वेग कमी झाला. शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पोलिसानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सर्कल मागं पडलं. धुक्यात झाडांवरून पाणी ठिबकत होतं, ओल्या पाचोळ्याचा वास येत होता. हयवदन सावकाश पायडल मारत राहिला... एक... दोन... तीन...

मागून घाईची चार पावलं वाजली आणि चाक दबलं.

तिच्या वेणीतल्या मरव्याचा वास आला.

"बसलीस?" त्यानं विचारलं.

मग, फार लांबून आल्यासारखं, "सरी..."

तो फर्लांग हयवदननं रडतच कापला. उताराच्या मध्यावर ती म्हणाली, "थांबा स्वल्प... उतरते मी." या वेळी त्यानं हळूच ब्रेक दाबला, पाय टेकला. चाक हलकं झालं. डाव्या हाताच्या झाडांमध्ये पावलं गेली आणि विरली.

मग हे रोजचंच झालं. दिवसातला एक फर्लांग वसुमतीचा, बाकीचा दिवस त्या फर्लांगाची वाट बघण्याचा. अक्कानं काय रांधलं, वर्गात कुणी कसलं चित्र काढलं, सगळं तो तिला सांगायचा. ती ठरलेल्या दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. "उतरून कुठं जातेस ग?" त्यानं एकदा विचारलं. चाक हलकं झालं, एवढंच.

माणसाचं मन भारी हावरं. एकदा भेटावी म्हणून झुरणारा हयवदन आता तिला उतरू द्यायलाच नाखूश होऊ लागला. संक्रांतीच्या पहाटे अक्का तीळ, गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे एकत्र करत बसली होती. दरवर्षी हे काम वसुमतीचं. हयवदन तिची ती रिकामी जागा बघत राहिला. आज हिला घरी आणायची, असं ठरवूनच तो निघाला.

"थांबा स्वल्प... उतरते मी."

हयवदननं पायडलवर जोर दिला. "घरी चल, वसू. आज संक्रांत आहे."

"थांबा..."

"नाही थांबत."

"थांबा हो... माझी उतरायची जागा मागं राहिली..."

तिच्या आवाजातली कासाविशी त्याला ऐकू आली नाही असं नाही. ऐकू आली, आणि तरी तो थांबला नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण भर रस्त्यात वसुमतीनं त्याला कधी हात लावला नव्हता. ती सीटखालची स्प्रिंग धरून बसायची. आज पहिल्यांदा दोन तळवे त्याच्या कमरेला येऊन चिकटले. गारठ्यापेक्षाही गार होते ते. हयवदनला त्याचंसुद्धा सुख वाटलं. मागं न वळता तो लांबच्या रस्त्यानं घरी आला, सायकल बोळात भिंतीला टेकवली. चाक दबलेलंच होतं.

दुपारी अक्का कोळसे आणायला बोळात गेली. परतली तेव्हा घमेलं रिकामं होतं.

"हयवदना... कुणाला आणलंस तू?"

"दिसली तुला?" तो धडपडत उठला. "कशी आहे?"

"पाठमोरी आहे. तोंड नाही दिसलं. पाय लोंबतायत..." अक्कानं बोळाकडे हात केला. "सारखे टेकायला बघतेय. टेकत नाहीत रे."

हयवदन बोळाकडे निघाला, तसा अक्कानं त्याचा हात धरला.

"सोड तिला. असं अधांतरी ठेवू नये कुणाला."

"अक्का, मी एकटा आहे ग."

"मीही चाळीस वर्षं आहे," अक्का म्हणाली. "मला तर त्यांचं तोंडसुद्धा आठवत नाही. धरून ठेवलं का मी कुणाला?"

त्या रात्री बोळातून काहीतरी घासल्यासारखा आवाज येत राहिला. जमीन शोधणाऱ्या टाचांचा. सकाळपर्यंत भावंडांपैकी कुणीही डोळा मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल इतकी जड झाली होती की चढावर त्याला उतरून ढकलावी लागली. उताराच्या मध्यावर तो थांबला. पाय टेकून सायकल जरा कलती केली, तिला उतरायला सोपं जावं म्हणून.

"उतर, वसू. हीच ना जागा?"

कुणी उतरलं नाही. धुकं पातळ होत गेलं. दूधवाले गेले, शाळेची पोरं गेली. हयवदनच्या दुखऱ्या पायाला रग लागली, तरी तो तसाच उभा राहिला.

"त्या दिवशी मी मागं बघायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "ब्रेकचा आवाज ऐकला होता मी. कुणाला तरी लागलं म्हणालो आणि पुढं आलो. काल तू थांबा म्हणालीस, तेव्हाही थांबलो नाही. चुकलो ग. आता पुन्हा सायकलवर बसणार नाही मी. तुला कुठंही नेणार नाही. तू जा."

बऱ्याच वेळानं चाक वर आलं. अगदी सावकाश, अनोळखी ठिकाणी उतरणाऱ्या माणसासारखं चाचपडत. झाडांमध्ये पावलं वाजली की नाही ते मात्र त्याला कळलं नाही, कारण तो तोंड झाकून रडत होता.

मग सायकल हातात धरून तो चालत निघाला. मन रिकामं झालं होतं, पण जड नव्हतं. वाटेत खांद्यावरची पिशवी कॅरिअरवर ठेवून पाहिली, ती राहिली. यल्लाप्पाच्या दुकानात त्यानं सायकल भिंतीला लावली. "हिला गिऱ्हाईक बघ," एवढंच म्हणाला. पुढच्या चार गल्ल्या तो हँडलला अडकवलेली काठी काढून ती टेकत, थांबत थांबत चालला. मागं एकदाही पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

अक्का पायरीवर पाण्याची कळशी घेऊन उभी होती. अशा कामावरून आलेल्या माणसाला तसंच घरात घ्यायचं नसतं.

"उतरली?"

"उतरली."

"बरं झालं, बाबा." तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, आधी उजव्या, मग दुखऱ्या डाव्या. हयवदन उंबरा ओलांडायला वळला.

पाण्याचा आवाज थांबला नाही.

त्यानं वळून पाहिलं. अक्का वाकून, पायरीच्या मोकळ्या दगडावर, जपून धार धरत होती. पाणी दगडभर पसरलं होतं. फक्त दोन ठिकाणी दगड कोरडा राहिला होता. शेजारी शेजारी, पावलांएवढा.

"दारातून सरक जरा," अक्का वर न बघता हलक्या आवाजात म्हणाली. "इतक्या लांबून चालत आलीय... पायाला फोड आलेत तिच्या."

हयवदन बाजूला झाला.