हिलाल आबांची रात्रपाळी

खोटं सांगून मला काय मिळणार? गेल्या डिसेंबरात घडलंय हे. नरडाण्याजवळ.

बुंदी आमची कुत्री. तिला फिट येते. संध्याकाळची गोळी चुकली, की जिवावर बेततं.

यावलला भाचीचं लग्न निघालं, म्हणून बुंदीला कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवलं. मालक रुपचंदभाऊ. मी आधीच विचारून घेतलं, "भाऊ, रात्री माणूस ठेवायची अट असते ना?"

"माणूस शे ना ताई! हिलाल आबा. गोळी तेच देतील. बिनघोर जा."

लग्न आटोपून सकाळीच बुंदीला आणायला गेले.

शटरला बाहेरून कुलूप.

आत एवढी कुत्री... पण एकही भुंकेना.

रुपचंदभाऊ गाडीवरून आले. शटर वर गेलं, आणि वास आला... विडीचा. त्याखाली काहीतरी आंबट.

प्रत्येक ताटलीत भाकरी होती.

चावलेली... लाळेनं तार धरलेली.

गोळ्यांची पट्टी पाहिली. रोजची गोळी बरोबर गेलेली.

"आबा कुठे आहेत?"

"ते तर दिवाळीतच गेले. इथंच. त्यानंतर मी दोन दिवस फिरकलो नव्हतो. वाटलं, कुत्री उपाशी मेली... तर बठ्ठ्या, सगळ्या ताटल्या भरलेल्या! पिल्लांना असंच चावून द्यायचे आबा."

"मग दुसरा माणूस?"

"कशाला? अट पाळतोच ना मी. माणूस हजर शे." भाऊ हसले. "पगारबी मागत नाही."

त्या चावलेल्या भाकरीपेक्षा मला त्या हसण्याची किळस आली. मेल्यावरही माणसाला सुट्टी नाही!

घरी आणून बुंदीला दोनदा साबण लावला. विडीचा वास काही जाईना.

संध्याकाळी गोळी दिली. थुंकली. पेढ्यात घालून दिली. थुंकली. तिचं अंग थरथरायला लागलं...

आणि ती बघत होती दाराबाहेरच्या रिकाम्या ओट्याकडे. शेपूट हलवत.

काय सुचलं कोण जाणे. गोळी ओट्यावर ठेवली, तिलाही तिथंच सोडलं.

"आबा," म्हटलं, "तुम्हीच द्या हो."

दार लावून घेतलं.

बाहेर... चप... चप...

कोणीतरी सावकाश चावत होतं.

बुंदी आज ठणठणीत आहे. रोज सकाळी ओटा धुताना मला मात्र उमासे येतात. आबांना "आता जा, सुटा" म्हणायचं रोज ठरवते...

आणि दिवे लागले, की पट्टीतली पुढची गोळी काढते.