मुक्काम ठरला नव्हता

दिवाळी सरली की दादरला हिंदमाताच्या कापडदुकानांत सामसूम होते. त्या सामसुमीत एकाच कापडाची दोन टोकं दोघांच्या हातात आली.

कापड पडद्याचं होतं. फिकट निळं, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा. एक टोक कुंदा घाडीगावकरच्या हातात आणि दुसरं एका उंच, सावळ्या, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या तरुणाच्या.

"हे मी आधी पाहिलं," कुंदा म्हणाली.

"असेल. पण उचललं मी आधी."

"किती मीटर हवंय तुम्हाला?"

तो वर पंख्याकडे बघायला लागला. "खिडक्या सहा आहेत..."

"आणि मापं?"

त्याने दोन्ही हात पसरले, मग थोडे जवळ आणले. "एवढ्या... किंवा एवढ्या."

कुंदाला हसू आवरेना. "खिडकी न मोजताच पडदे घ्यायला निघालात?"

"पडदे घ्यायला निघालोच नव्हतो. चहाला उतरलो होतो. हे दिसलं, आवडलं..." त्याची नजर कापडावरून तिच्याकडे वळली. "आवडलं की मी थांबतो. माझं असंच आहे."

कुंदाची कानशिलं तापली. तिने आपल्या हातातलं टोक सोडलं, आणि सोडलं म्हणून स्वतःवरच चिडली.

"घर कुठेय तुमचं?" तिने विचारलं. "माझी आई पडदे शिवते. मापं मी येऊन घेईन."

"आज शिवडीला आहे. उद्याचं सांगता येत नाही," तो म्हणाला. "चाकं आहेत त्याला."

---

घराला खरंच चाकं होती.

रविवारी दहाच्या ठोक्याला कुंदा शिवडीच्या गोदामांमागे पोचली तेव्हा जयवंत — त्याचं नाव जयवंत कोळी — एका मिनीबसच्या टपावर बसून रंग लावत होता. गोदीतल्या कुणा मालकाने भंगारात काढलेली बस. आतल्या सीटा उखडून तिथे दोन बाजूंना फळ्यांचे पलंग केले होते, मागे स्टोव्हचा ओटा होता आणि कोपऱ्यात पाण्याचा नळ. नळ गळत होता.

"गोदीत ड्रायव्हर आहे मी," तो खाली उतरत म्हणाला. "एकदा बोटीतून एक गोरं जोडपं उतरलं, आपल्या घरासकट. गाडीतच चूल, गाडीतच अंथरूण. मी विचारलं, कुठे चाललात? तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्यांनाच ठाऊक नव्हतं! त्या दिवसापासून डोक्यात बसलंय."

"आणि ही गाडी कुठे जाणार?"

"जाईल तिथे."

"म्हणजे?"

"म्हणजे रस्ता आवडला की वळायचं, जागा आवडली की थांबायचं. लॉज नाही, बुकिंग नाही."

कुंदा दादरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत कामाला होती. अष्टविनायक असो की कोकण दर्शन, कुठल्या वळणावर चहा आणि कुठल्या गावात जेवण हे सगळं ती ठरवायची. तिच्या सहलीत कुणी उपाशी राहिलं नव्हतं, कुणाची गाडी चुकली नव्हती. हातातली मापाची टेप तिने खिडकीला लावली.

"अशानं माणसं रस्त्यावर पडतात," ती म्हणाली.

"रस्त्यावरच तर जायचंय!"

तिने टेप इतकी जोरात ओढली की ती सुटून तिच्याच बोटावर बसली. जयवंतने तिचं बोट पाहिलं, आणि गळत्या नळाखाली धरलं. पाणी गार होतं. कुंदाला हात काढून घ्यायचा होता... पण नळ इतका सावकाश गळत होता, की वेळ लागला.

---

काळाचौकीच्या चाळीत त्या दिवशी जेवताना कुंदाने सहज सांगितलं, की एका वेड्याने बसचं घर केलंय आणि त्याचा नळ गळतो.

तिचे वडील सीताराम गिरणीत फिटर होते. होते — कारण संप सुरू होऊन आता पाच वर्षं झाली होती. संप कुणी मागे घेतला नव्हता, कुणी जिंकलाही नव्हता. ज्यांना परत घेतलं त्यांत सीताराम नव्हते. ते सकाळी उठून गॅलरीत बसत आणि संध्याकाळी गॅलरीतून उठत. घर कुंदाच्या नोकरीवर आणि तिच्या आईच्या, मीराबाईंच्या, शिवणाच्या मशीनवर चाललं होतं.

सीताराम भाताचा घास हातात धरून थांबले.

"टाकी खंय बसवल्यान तेना?" त्यांनी विचारलं.

"टपावर."

"टपार? मगे प्रेशर जास्त येतला. नळ गळात नाय तर काय करीत!"

इतकी मोठी वाक्यं त्यांनी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मीराबाई आणि कुंदा एकमेकींकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सीताराम पत्र्याच्या पेटीतली आपली हत्यारं घेऊन शिवडीला गेले. तिसऱ्या दिवशी जाताना चाळीतल्या धोंडू सुताराला घेऊन गेले. तोही गिरणीतूनच घरी बसलेला. महिनाभरात त्या बसला भिंतीत दुमडून जाणारं टेबल आलं, खळकन न वाजणारी कपाटं आली आणि गळायचं विसरलेला नळ आला. संध्याकाळी सीताराम घरी येत ते हाताला ग्रीस लावून, आणि हात धुताना गुणगुणत.

कुंदा पडदे लावायला गेली, मग पडद्यांच्या रिंगा बघायला गेली, मग रिंगा सरकतात ना ते बघायला.

"अजून काही बघायचं राहिलंय?" जयवंतने एकदा विचारलं.

"तुमच्यात शिस्त किती आली ते."

"मग रोज यावं लागेल. हळूहळू येतेय."

---

पहिला प्रवास सीतारामांच्या गावचा ठरला. मालवणजवळच्या त्यांच्या गावी देवीची जत्रा होती. संपानंतर ते गावी गेलेच नव्हते. रिकाम्या हातांनी भावासमोर कसं उभं राहायचं, म्हणायचे. आता म्हणाले, "माझ्या हातान बांधलेल्या गाडयेत बसान जातलंय."

मीराबाई, सीताराम, कुंदा आणि स्टिअरिंगवर जयवंत. चाळ सगळी खाली उतरली होती. धोंडूने स्वतःच्या हाताने बॉनेटवर नारळ फोडला.

कुंदाने महाडला न्याहारी, चिपळूणला जेवण, राजापूरला चहा आणि उजेडात गाव असं सगळं ठरवलं होतं. थोरल्या काकांना तसं कळवलंही होतं. पुढच्या सीटखाली तिने फॅनबेल्ट, पाण्याचे कॅन, दोर असं सामान भरलं तेव्हा जयवंत हसून लोटपोट झाला होता. "आपण गावी चाललोय की लढाईवर?"

चिपळूणपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. राजापूरच्या अलीकडे मात्र एका फाट्यावर जयवंतने एकदम गाडी हमरस्त्यावरून आत घातली. लाल मातीचा, काजूच्या झाडांमधला अरुंद रस्ता.

"हे काय? हा रस्ता नाही!"

"रस्ताच तर आहे."

"आपला नाही! काका गावच्या फाट्यावर येऊन थांबतील. मी शब्द दिलाय. तुम्हाला वाटलं म्हणून वळलात?"

"जरा थांबा तर—"

जयवंतचं वाक्य अर्धंच राहिलं. बॉनेटखालून फटकन आवाज आला आणि इंजिन तापून धापा टाकायला लागलं. बेल्ट तुटला होता. सीताराम खाली उतरले. कुंदाने सीटखालून नवा बेल्ट काढला आणि जयवंतच्या हातात जवळजवळ आपटलाच.

सीताराम बेल्ट चढवत होते तोवर ती दोघं काजूच्या सावलीत उभी होती.

"मानलं," जयवंतने कान पकडले. "लढाईच होती."

कुंदा हसली नाही. "संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते, पंधरा दिवसांत मिटेल. पंधरा दिवसांत मिटणार म्हणून कुणी काही ठरवलंच नाही. आईने पाटल्या मोडल्या तेव्हाही म्हणाली, आता मिटेलच. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी स्वतःला सांगितलं — यापुढे माझ्या घरावर काहीही अचानक येणार नाही."

जयवंतने पायाखालचं पान उचललं आणि बोटांनी सरळ करत राहिला.

"मीही गिरणीतच होतो. बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. तुमचं घर एकदा हललं... आमचं रोज हलायचं. मग माणूस ठरवणं सोडून देतो, आणि दिवसाला म्हणतो — ये बाबा, तू काय आणलंयस ते दाखव." तो थोडा थांबला. "पण आज मी माझ्या मनाने वळलो नाही, कुंदा."

पहिल्यांदाच त्याने तिला नुसतं नावाने हाक मारली. ती बघत राहिली.

"मघाशी फाटा आला तेव्हा मीराकाकी हळूच म्हणाल्या... स्वतःशीच. माझी लहानपणची मैत्रीण रखमा इथेच दिली, म्हणाल्या. लग्नानंतर एकदाही भेट नाही. म्हणून वळलो."

कुंदाने मागे पाहिलं. खिडकीत मीराबाई बसल्या होत्या, पदर नीट करत, केस चापत, लग्नघरी निघाल्यासारख्या. आईची ही कुणी रखमा आहे हे कुंदाला ठाऊकच नव्हतं. सगळे थांबे तिने ठरवले होते. आईला कुठे थांबायचंय हे काही तिने विचारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"सांगतच होतो. तेवढ्यात माझा बेल्ट तुटला, आणि तुमचा जिंकला."

आता मात्र ती हसली.

रखमा अंगणात भात सुकवत होती. दारात एवढी मोठी गाडी बघून आधी घाबरली, मग उतरणारी बाई बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "मीरगो!" एवढंच ती ओरडली. दोन्ही बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाच कळत नसेल. कुंदाने आपल्या आईला असं खळखळून हसताना कधी पाहिलं नव्हतं. मीराबाई रखमाला हाताला धरून गाडीत घेऊन गेल्या. हा ओटा, ही कपाटं, हा नळ. "ह्यांनी केल्यानी हो सगळा," त्या सांगत होत्या. बाहेर उभे असलेले सीताराम उगाचच चाकाला लाथ मारून बघत होते, आणि त्यांची मान ताठ झाली होती.

मुक्काम त्याच अंगणात पडला. घर बरोबरच होतं.

"काकांचं काय?" जयवंतने विचारलं. "जत्रा चुकेल?"

"जत्रा परवा आहे." कुंदाने नजर चुकवली. "मी एक दिवस रिकामा ठेवला होता... असाच."

"असाच?" जयवंतचे डोळे मोठे झाले. "तुम्ही? असाच?"

"मापं माहीत नसलेल्या माणसाबरोबर निघायचं तर एवढं ठेवावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी गावात गाडी शिरली. चिडलेले थोरले काका गाडीत पाय ठेवताच चिडायचं विसरले. जत्रेला आलेलं अर्धं गाव रांगेने आतून फिरून गेलं, आणि सीताराम दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "पाय पुसान चढा."

---

परतताना लालबागच्या नाक्यावर सीताराम अचानक म्हणाले, "डावीकडे घे."

जयवंतने गाडी डावीकडे घेतली. तो रस्ता गिरणीचा होता. पाच वर्षं बाबा ह्या रस्त्याने आले नव्हते. लांबून वळसा घालून जायचे.

बंद फाटकासमोर सीतारामांनी गाडी थांबवायला सांगितली. फाटकावर पहारेकरी म्हणून त्यांच्याच खात्यातला जुना सोबती बसला होता, भिवा. उन्हात डोळ्यांवर हात धरून तो उठला.

"सीताराम? अरे, ही कुणाची गाडी?"

सीताराम खाली उतरले. गंजलेल्या फाटकाकडे त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या फाटकाकडेच पाठ केली आणि गाडीवर हात ठेवला.

"आमची," ते म्हणाले. "गिरणीतल्या माणसांनी बांधलेली. ये, तुका दाखवतंय."

मीराबाईही उतरल्या. भिवाला नळ दाखवायचा मान त्यांना हवा होता.

पुढे केबिनमध्ये दोघंच उरली. मागून सीतारामांचा आवाज येत होता — खणखणीत, गिरणीच्या खात्यात साच्यांच्या खडखडाटावरून हाक मारावी तसा. कुंदाचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. जयवंत स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"कुंदा... एक विचारायचं होतं."

"विचारा."

"कुठे विचारायचं, कधी विचारायचं, काहीच ठरवलं नव्हतं. आत्ताच वाटलं. आणि इथे... ही काय जागा आहे? पण—"

"रविवारी," कुंदा म्हणाली.

"काय रविवारी?"

"मी ठरवलं होतं. रविवारी संध्याकाळी शिवडीच्या किल्ल्यावर जायचं. तिथे तुम्ही विचारायचं. मी थोडा वेळ खाडीकडे बघत बसायचं. मग हो म्हणायचं."

जयवंत तिच्याकडे बघतच राहिला. "हो म्हणायचं — हेही ठरलेलं?"

"ते सगळ्यात आधी ठरलं."

"मग आत्ता विचारलं तर?"

कुंदाने काचेतून बाहेर पाहिलं. बाबा भिवाचा हात धरून त्याला टपावरची टाकी दाखवत होते. तिने पदराने डोळे टिपले आणि स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. ह्या वेळी काढून घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती.

"विचार," ती म्हणाली. "खाडीकडे रविवारी बघू."